मानवी जी६पीडी पहिल्यांदा हाताळताना: नागपूरच्या प्रयोगशाळेतल्या नवख्यांसाठी

विदर्भात रक्ताच्या आजारांवर काम सुरू केलं की सिकलसेलपाठोपाठ जी६पीडीचं नाव निघतंच. पूर्ण नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज. तांबड्या पेशींना ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारा एनएडीपीएच हा रेणू या एन्झाइममुळे एनएडीपीपासून तयार होतो. ज्याच्या शरीरात ते कमी असतं, त्याला प्रायमाक्विन हे मलेरियाचं औषध दिलं की तांबड्या पेशी फुटू लागतात. १९५६ साली ही कमतरता ओळखली गेली तीही प्रायमाक्विनच्या अभ्यासातूनच. व्हायवॅक्स मलेरिया पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन द्यावं लागतं आणि महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. त्यामुळे हा आपल्या दारातला प्रश्न आहे.

पण एमएस्सीचा किंवा पीएचडीचा विद्यार्थी रोज रुग्णाचं रक्त कुठून आणणार? नैतिकता समितीची परवानगी लागते, दर नमुन्यात पेशींचं वय वेगळं, प्रमाण वेगळं. म्हणून मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून तयार केलेलं, शुद्ध केलेलं रिकॉम्बिनंट एन्झाइम वापरतात. इंधन तेच, इंजिन तेच, आजूबाजूचा गोंगाट मात्र नाही. हा लेख त्या छोट्या ट्यूबपासून पहिल्या भरवशाच्या आकड्यापर्यंत कसं पोचायचं, यावर आहे. आधीच सांगतो, हे संशोधनापुरतं आहे. या एन्झाइमवर कुणाचं निदान करायचं नसतं.

मागणीपत्र लिहिण्याआधी

आपल्याकडे खरेदी तीन कोटेशनवर चालते आणि सर्वांत कमी दराला ऑर्डर जाते. मागणीपत्रात नुसतं ‘जी६पीडी एन्झाइम’ लिहिलंत, तर हमखास ल्युकोनोस्टॉक जिवाणूचं किंवा यीस्टचं एन्झाइम येईल. ती दोन्ही स्वस्त असतात, ग्लुकोज मोजण्याच्या किटमध्ये खपतात आणि त्या कामाला उत्तमही असतात. मानवी एन्झाइमचा अभ्यास त्यांच्यावर करता येत नाही. ल्युकोनोस्टॉकचं एन्झाइम एनएडी आणि एनएडीपी या दोन्ही सहकारक रेणूंवर चालतं. मानवी एन्झाइमला एनएडीपीच लागतं. म्हणून मागणीपत्रात स्पष्ट लिहा: मानवी, रिकॉम्बिनंट, पूर्ण लांबीचं, युनिप्रॉट (प्रथिनांची जागतिक सूची) क्रमांक पी११४१३. पूर्ण लांबी म्हणजे ५१५ अमिनो आम्लं, वजन सुमारे ५९ किलोडाल्टन आणि वर टॅगचं, म्हणजे शुद्धीकरणासाठी जोडलेल्या शेपटीचं, थोडं.

मग डेटाशीट मागवा आणि शांतपणे वाचा. टॅग कुठल्या टोकाला आहे? शुद्धता किती आणि ती जेलवर कशी दाखवली आहे? बफरमध्ये ग्लिसरॉल आहे का, स्थैर्यासाठी बोव्हाइन अल्ब्युमिन घातलंय का? अल्ब्युमिन असेल, तर ब्रॅडफोर्ड या रंगाच्या पद्धतीने मोजलेलं प्रथिन हे बहुतेक अल्ब्युमिनचंच निघेल आणि तुमचा ‘प्रति मिलिग्रॅम’ आकडा निरर्थक ठरेल.

सर्वांत महत्त्वाची ओळ क्रियाशीलतेची. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल एनएडीपीएच, इतकं बहुतेक सगळे लिहितात. पण कुठल्या तापमानाला आणि कुठल्या पीएचला, हे लिहिलेलं नसेल तर विचारा. २५ अंशांवरचं युनिट आणि ३७ अंशांवरचं युनिट एकच नाही. दोन कंपन्यांची तुलना मायक्रोग्रॅमच्या भावाने करू नका, युनिटच्या भावाने करा. दहा मायक्रोग्रॅम अर्धमेलं एन्झाइम स्वस्तात मिळालं तरी ते महागच.

विक्रेत्याला आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: उत्पादनासाठी ई. कोलायचा कोणता वाण वापरला? ई. कोलायला स्वतःचं जी६पीडी असतं. ते थोडंसं जरी मानवी एन्झाइमसोबत वाहून आलं तरी तुमच्या मापात मिसळतं. साधं मानवी एन्झाइम जोरात चालतं, त्यामुळे तिथे हा भाग नगण्य असतो. पुढे मंद चालणारे बदललेले प्रकार तपासाल, तेव्हा मात्र हीच भेसळ निष्कर्ष फिरवते. काही गट त्यासाठी जिवाणूचं ते जनुक काढून टाकलेला वाण वापरतात. विक्रेत्याकडून उत्तर आलं नाही, तर तेही नोंदवहीत लिहून ठेवा.

पार्सल, ऊन आणि सुट्ट्या

एन्झाइम बहुतेक वेळा कोरड्या बर्फात येतं आणि नागपूरला पोचण्याआधी कुठल्यातरी मोठ्या शहरात थांबून येतं. कोरडा बर्फ उणे ७८.५ अंशांवर असतो आणि तो विरत जातो. वाटेत दोन दिवस जास्त गेले की खोक्यात नुसती हवा उरते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत ऑर्डर टाळता आली तर टाळाच. टाळता येत नसेल, तर आठवड्याच्या सुरुवातीला पाठवायला सांगा, म्हणजे शनिवार-रविवार पार्सल गोदामात पडून राहणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीने जुनं नागपूर गच्च असतं, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात. अशा दिवशी कुरियरची गाडी वेळेवर पोचेल असं गृहीत धरू नका. कॅलेंडर बघून तारीख ठरवा आणि विक्रेत्याला लेखी कळवा.

गेटवरच्या सुरक्षारक्षकांना आणि भांडारातल्या माणसांना आधी भेटून सांगा. ‘काका, थर्माकोलचा खोका येईल, तो सावलीत ठेवा आणि मला लगेच फोन करा,’ एवढंच पुरतं. जावक-आवक नोंद, सही-शिक्का हे सगळं होईस्तोवर खोका उन्हात राहिला, तर नंतर कुणाला बोलून उपयोग नसतो. त्यांचा फोन नंबर तुमच्याकडे आणि तुमचा त्यांच्याकडे असायला हवा.

खोका हातात आल्यावर आधी ट्यूब शोधू नका, बर्फ बघा. किती उरलाय याचा मोबाइलवर फोटो काढा, तारीख-वेळेसकट. कोरड्या बर्फाला उघड्या हाताने शिवायचं नाही, आणि तो बंद खोलीत किंवा लहान कोल्ड रूममध्ये टाकून द्यायचा नाही. त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड साठला तर जीव गुदमरतो. उघड्या हवेशीर जागी विरू द्या. ट्यूब अगदी लहान असते आणि द्रव तळाशी असेलच असं नाही. बऱ्याचदा तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटून गोठलेला असतो. तशीच उघडलीत तर निम्मा माल झाकणासोबत जातो. आधी बर्फावर वितळवा, काही सेकंद सेंट्रिफ्यूज करा, मगच झाकण उघडा. बर्फ पूर्ण संपलेला असेल तर विक्रेत्याला त्याच दिवशी फोटोसकट मेल करा आणि तरीही ट्यूब उणे ८० मध्येच ठेवा. बदली पाठवायचा निर्णय होईपर्यंत ती क्रियाशीलता मोजून पाहायला उपयोगी पडते.

वाटे करणं

पूर्ण ट्यूब पुन्हा पुन्हा वितळवणं हे एन्झाइम मारण्याचं सर्वांत सोपं साधन आहे. पहिल्याच दिवशी १० ते २० मायक्रोलिटरचे वाटे करा. ट्यूब प्रथिन न चिकटणाऱ्या असाव्यात. प्रत्येकीवर नाव, लॉट क्रमांक आणि तारीख, अल्कोहोलने न पुसणाऱ्या पेनने. एकदा वितळलेला वाटा परत गोठवायचा नाही. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीज उणे २० साठी वापरू नका, त्यात तापमान सतत वर-खाली होतं. उन्हाळ्यात, किंवा पहिल्या वळवाच्या वादळात वीज जाते, तेव्हा फ्रीजर उघडून ‘सगळं नीट आहे का’ बघण्याचा मोह आवरा. दार बंद असलेला उणे ८० चा फ्रीजर बराच वेळ थंडी धरून ठेवतो.

आता एन्झाइम पातळ करण्याबद्दल, कारण नवख्यांचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. मानवी जी६पीडी दोन किंवा चार साखळ्या एकत्र आल्या तरच काम करतं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत दिसलं, की प्रत्येक साखळीत क्रियास्थळापासून वेगळ्या जागी एनएडीपीचा आणखी एक रेणू बसलेला असतो. तो अभिक्रियेत भाग घेत नाही, रचना सावरून धरतो. साध्या बफरमध्ये शंभर पट पातळ केलं की हा रेणू सुटतो, साखळ्या अलग होतात, शिवाय उरलेलं प्रथिन ट्यूबच्या भिंतीला चिकटतं. सकाळी दहाला आलेला आकडा दुपारी बाराला अर्धा होतो आणि विद्यार्थी पिपेटला दोष देत बसतो. पातळ करायच्या बफरमध्ये १० ते २० मायक्रोमोलर एनएडीपी आणि मिलिलिटरला १ मिलिग्रॅम अल्ब्युमिन घाला, बर्फावर ठेवा, त्याच दिवशी वापरा. आमच्याकडे नव्या मुलांना हाच नियम सर्वांत आधी पाठ करायला लावतात.

द्रावणं

ट्रिस बफरचा पीएच तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला साधारण ०.०२८ ने खाली. २५ अंशांवर ८.० लावलेला बफर ४ अंशांवर ८.६ च्या आसपास असतो आणि ४० अंशांवर ७.६. एसी बंद पडलेल्या खोलीत मे महिन्यात ‘रूम टेंपरेचरला’ मोजलेला आकडा डिसेंबरच्या आकड्याशी जुळणार नाही, याचं निम्मं कारण इथे आहे. उरलेलं निम्मं एन्झाइमचा वेग. अंदाजे धरायचं तर दर १० अंशांना तो दुप्पट होतो. परदेशातल्या पद्धतीत ‘रूम टेंपरेचर’ लिहिलं असेल तर ते २०-२५ अंश समजा. आपल्या खोलीचा त्याच्याशी संबंध नाही. क्युव्हेट धारकाला तापमान नियंत्रण असलेलंच उपकरण वापरा, २५ किंवा ३७ यांपैकी एक निवडा, आणि ज्या तापमानाला मोजणार त्याच तापमानाला बफरचा पीएच लावा.

एनएडीपीची पावडर ओलावा शोषते. पावसाळ्यात फ्रीजरमधून काढून लगेच झाकण उघडलंत तर बाटलीत दव जमतं. बाटली डेसिकेटरमध्ये खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा. वजनावर पूर्ण विश्वास ठेवू नका. द्रावणाचं शोषण २६० नॅनोमीटरला मोजा आणि १८,००० या मोलर गुणांकाने खरं प्रमाण काढा. एनएडीपी आम्लारीच्या जवळ टिकत नाही, म्हणून साठ्याचं द्रावण जोरकस आम्लारीत करू नये. एनएडीपीएचचं उलट आहे, ते आम्लात मोडतं.

पहिलं माप

एका मिलिलिटरचं मिश्रण असं: १ मोलर ट्रिस पीएच ८.० चे १०० मायक्रोलिटर, १ मोलर मॅग्नेशियम क्लोराइडचे १०, १० मिलिमोलर एनएडीपीचे २०, १०० मिलिमोलर ग्लुकोज-६-फॉस्फेटचे १०, पाणी ८५०, आणि शेवटी पातळ केलेलं एन्झाइम १०. एन्झाइम सोडून बाकी सगळं क्युव्हेटमध्ये ठरलेल्या तापमानाला पाच मिनिटं स्थिरावू द्या. मग एन्झाइम घाला, पॅराफिल्म लावून दोनदा उलटं करा, फेस येऊ देऊ नका. ३४० नॅनोमीटरला (इथे एनएडीपीएच प्रकाश शोषतं, एनएडीपी शोषत नाही) पाच मिनिटं वाचन घ्या आणि पहिली तीस सेकंदं हिशेबातून वगळा.

हिशेब सोपा आहे. एनएडीपीएचचा गुणांक ६.२२, मिलिमोलर आणि सेंटिमीटरमध्ये. समजा शोषण मिनिटाला ०.०६२२ ने वाढलं. ०.०६२२ भागिले ६.२२ म्हणजे ०.०१, म्हणजेच एका मिलिलिटरच्या क्युव्हेटमध्ये मिनिटाला ०.०१ मायक्रोमोल. हे काम ०.०१ मिलिलिटर एन्झाइमने केलं, म्हणून पातळ केलेल्या एन्झाइममध्ये मिलिलिटरला १ युनिट. ते शंभर पट पातळ केलं होतं, तर मूळ साठ्यात १०० युनिट. साठ्यात प्रथिन मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम असेल, तर विशिष्ट क्रियाशीलता मिलिग्रॅमला २०० युनिट. हाच आकडा डेटाशीटशी ताडून बघायचा, तोही तापमान सारखं असेल तरच.

मायक्रोप्लेटवर करत असाल तर प्रकाशाची वाट एक सेंटिमीटर नसते. ९६ खणांच्या प्लेटमध्ये २०० मायक्रोलिटरला ती साधारण अर्ध्या सेंटिमीटरच्या थोडी वर असते. ही दुरुस्ती विसरल्यामुळे ‘कंपनीने अर्धंच एन्झाइम दिलं’ अशी तक्रार करणारे बरेच भेटतात. रिकाम्या प्लेटचं ३४० चं शोषणही आधी बघून घ्या.

आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

एन्झाइमचं प्रमाण दुप्पट केलं की वेग दुप्पट व्हायला हवा. तीन वेगवेगळ्या प्रमाणांवर हे जमलं नाही, तर पुढे जाऊ नका. बहुधा एन्झाइम जास्त पडतंय किंवा पातळ केल्यावर मरतंय. मिनिटाला ०.१ च्या आत वाढ ठेवलीत तर रेषा सरळ राहते. ग्लुकोज-६-फॉस्फेटशिवाय एक क्युव्हेट आणि एन्झाइमशिवाय एक क्युव्हेट, हे दोन कोरे नमुने रोज लावायचेच.

एक तपासणी मला फार आवडते, कारण तिच्यातून आख्खी पद्धत एकदम कळते. एन्झाइम भरपूर घाला आणि अभिक्रिया संपेपर्यंत थांबा. ०.२ मिलिमोलर एनएडीपी पूर्ण वापरलं गेलं तर शोषणातली वाढ १.२४ च्या जवळ थांबली पाहिजे. ती ०.९ वर थांबली, तर तुमचं एनएडीपी कागदावर आहे तितकं नाही. तसंच एनएडीपी जास्त आणि ग्लुकोज-६-फॉस्फेट ०.१ मिलिमोलर ठेवा, म्हणजे वाढ ०.६२ ला थांबेल आणि साखरेच्या, म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेटच्या, द्रावणाची परीक्षा होईल. ०.६२ च्या पुढे रेंगाळत वर चढत राहिली, तर साठ्यात ६-फॉस्फोग्लुकोनेट डिहायड्रोजनेज वाहून आल्याची शंका घ्या, कारण ते पुढच्या पायरीवर एनएडीपीएचचा दुसरा रेणू तयार करतं. एनएडीपीच्या जागी एनएडी घालूनही एकदा बघा. वेग जवळजवळ शून्य असायला हवा. तसा नसेल, तर ट्यूबमधलं एन्झाइम मानवी आहे का, हा प्रश्न विक्रेत्याला विचारायची वेळ आली.

वनस्पतींचे अर्क तपासताना

आपल्या शहरातल्या फार्मसी कॉलेजांतून येणारे विद्यार्थी बहुधा अर्क घेऊनच येतात. संत्र्याची साल, पळसाची फुलं, मोहाची फुलं. यात फ्लेव्होनॉइड आणि टॅनिन भरपूर असतात आणि त्यातले पुष्कळसे ३३०-३४० नॅनोमीटरच्या आसपासच प्रकाश शोषतात. नुसतं स्थिर शोषण असेल तर वेग काढताना ते वजा होतं. पण सुरुवातीचं वाचनच २ च्या वर गेलं की उपकरणाला वाढ दिसेनाशी होते, रेषा सपाट येते आणि तुम्ही आनंदाने ‘९० टक्के प्रतिबंध’ लिहून मोकळे होता. अर्क पातळ करा आणि सुरुवातीचं शोषण १ च्या खाली आणा.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला चिकटून त्याला खाली बसवतं. म्हणून ०.०१ टक्का ट्रायटॉन एक्स-१०० (साबणासारखं डिटर्जंट) घालून तोच प्रयोग परत करा. प्रतिबंध नाहीसा झाला, तर तो गुठळ्यांचा परिणाम होता. अल्ब्युमिन वाढवल्यावर परिणाम ओसरला, तरी तेच. अर्काने तयार एनएडीपीएच खाल्लं तर वेग कमी दिसेल, म्हणून एन्झाइमशिवाय नुसतं एनएडीपीएच आणि अर्क असा एक नमुना ठेवा. ३४० ची कटकट टाळायला काहीजण डायफोरेज हे दुसरं एन्झाइम आणि रेझाझुरिन हा रंग जोडतात; डायफोरेज एनएडीपीएच वापरून रेझाझुरिनला क्षपित करतं आणि त्यातून येणारी प्रतिदीप्ती मोजतात. पद्धत चांगली आहे, पण अर्कातले अँटिऑक्सिडंट रेझाझुरिनला स्वतःच क्षपित करतात आणि अर्क डायफोरेजलाही थोपवू शकतो. दोन्ही शक्यता वेगळ्या नमुन्यांत तपासल्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही.

तुलनेसाठी डीएचईए (एक स्टेरॉइड) हा ओळखीचा प्रतिबंधक रोज सोबत चालवा. तो अनकॉम्पिटिटिव्ह प्रकारचा आहे, म्हणजे साखरेचं प्रमाण वाढवून त्याचा परिणाम पुसता येत नाही. पाण्यात तो विरघळत नाही, डीएमएसओ या द्रावकात घ्यावा लागतो. शेवटच्या मिश्रणात डीएमएसओ १ टक्क्याच्या वर नको आणि जितका नमुन्यात तितकाच कोऱ्या नमुन्यातही हवा.

पुढची पायरी

साधं एन्झाइम वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हातांनी तेच आकडे देऊ लागलं की बदललेल्या प्रकारांकडे जा. ओरिसा प्रकारात ४४ व्या जागी अॅलनिनऐवजी ग्लायसिन असतं आणि तो मध्य व पूर्व भारतातल्या आदिवासी समाजांत आढळला आहे. मेडिटेरेनियन प्रकारात १८८ व्या जागी सेरिनऐवजी फिनाइलअॅलनिन. एक प्रकार तर आपल्या कल्याणचं नाव घेऊन जगभरच्या यादीत आहे. हे प्रकार बाजारात सहज मिळत नाहीत, जनुकात बदल करून स्वतः तयार करावे लागतात. त्यांना वर सांगितलेल्या तपासण्या जशाच्या तशा लावा, आणि ३७ अंशांवर ठेवून दर दहा मिनिटांनी उरलेली क्रियाशीलता मोजा, एनएडीपीसह आणि एनएडीपीशिवाय. या दोन वक्रांतलं अंतर बघितलं, की प्रकार वेगाने मंद आहे की टिकाऊपणात कच्चा आहे, हे वेगळं करता येतं. जनुकाचं काम हाती घेण्याआधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे अर्ज करा. त्यात कोणता वाण, कोणता प्लास्मिड, कचरा ऑटोक्लेव्ह कुठे होणार, हे लिहावं लागतं. समितीची पुढची बैठक कधी आहे, हे कार्यालयात विचारून अर्ज त्याच्या पुरेसा आधी द्या.